कंसातली ओळ

मकरपुरा जीआयडीसी, पत्र्याची शेड,
रात्रपाळी सुटून दिवसपाळी लागायच्या मधली दहा मिनिटं.
माझ्या हातात स्टॉपवॉच.
फ्लँज एवढासा, तळहातावर मावेल,
भोकं चार, खोली नऊ मिलिमीटर.
एक्केचाळीस सेकंद.

किरीटभाई मागे उभे. "बेन, सेकंड काढो, सेकंड."
जणू डाळीतले खडे.

तसे ते होतेच.
ड्रिल भोकातून निघून पन्नास मिलिमीटर वर जायचं,
पुढच्या भोकावर यायचं, पुन्हा पन्नास खाली.
हवेला भोक पाडायचे कुणी पैसे देत नाही.
उंची दोनवर आणली,
फक्त क्लॅम्प ओलांडताना पंधरा.
सहा गेले.

नऊ मिलिमीटरला जी ८३ कशाला?
टोचायचं, बाहेर यायचं, परत थोडं आत,
थंड पाण्यात पाय घालणाऱ्या पाहुण्यासारखं.
जी ८१. एका दमात.
पाच गेले.

सेंटर ड्रिल काढलं;
नवं कार्बाइड ड्रिल आपली जागा आपण धरतं.
सात.

शेवटी जी ०४, तीन सेकंद नुसतं थांबणं.
कशासाठी, ते रणदिवेकाकांनी लिहिलेलं नाही,
आणि काका निवृत्त होऊन मुलाकडे आणंदला.
खोडलं.

वीस.

रात्री दांडिया बाजारात, घरी,
आईला सांगितलं, निम्म्यावर आणलं.
ती कणीक तिंबत म्हणाली,
"मग उद्यापासून लवकर येशील?"

तिसऱ्या दिवशी मोजलं.
तुकडे वाढले होते, पण माझ्या कागदाइतके नाहीत.
मशीन पिवळा दिवा लावून उभं,
आणि छगन वसावा मान खाली घालून
प्रत्येक भोकाच्या कडेवर हत्यार फिरवतोय:
पुढून चार, पुन्हा पुढचा तुकडा, पुन्हा चार.
कडेला बर. बोट कापेल असा.

सेंटर ड्रिल जाता जाता
भोकाच्या ओठांवरची धार मारत होतं,
हे मला माहीत नव्हतं?
माहीत होतं. सेकंद मोजताना आठवलं नाही.
मशीनमधून काढलेले माझे सात
त्याच्या मनगटात जाऊन बसले होते,
वाढून.

त्याच्या डाव्या हाताशी रंगाचा जुना ब्रश.
हा कशाला?
"बेन, ए त्रण सेकंड तो बैठक साफ करवाना हता."
हवेचा झोत तेवढा वेळ चालायचा,
टेकूवरच्या चिप्स उडायच्या.
आता प्रोग्राम संपतो तसा झोतही संपतो,
एखादी चिप खाली राहते, तुकडा केसभर तिरका बसतो.
त्याने तक्रार केली नव्हती.
घरून ब्रश आणला होता.

रविवारी मी दोन प्लेटा काढल्या कागदावर,
एकीवर सहा तुकडे.
सेंटर ड्रिल परत. आधी चोवीस ओठ, मग चोवीस भोकं,
हत्यार बदलायचं एकदाच, सहा जणांत वाटून.
एक प्लेट आत, दुसरी बाहेर टेबलावर भरायची.

दोन मिनिटं चौदा सेकंद.
किरीटभाईंचा चेहरा उतरला,
मग त्यांनी सहाने भागलं.
बावीस आणि थोडं.
वीस नाही, म्हणाले.
नाही, मी म्हटलं. पण बर बघा.
त्यांनी अंगठा फिरवला भोकावरून, आणि काही बोलले नाहीत.

वसावा प्लेट भरतो. नट आवळतो.
तरी वेळ उरतो.
उलट्या पिंपावर बसून बूट काढतो,
तळव्यात रुतलेली चिप उपसतो,
उजेडात धरून बघतो, टाकतो.
आत ड्रिल अठराव्या भोकावर.

प्रोग्रामच्या शेवटी जी ०४ परत घातला.
कंसात लिहिलेलं मशीन वाचत नाही,
ओलांडून पुढे जातं,
म्हणून तिथेच लिहिलं,
मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत,
कंट्रोलरला दुसरी येत नाहीत:
तीन सेकंद थांबा, बैठक साफ होते, काढू नका.
खाली नाव टाकायची जागा होती.
रणदिवे, असं टाकलं.